वडिलांनी मुलाला पैसे दिले तर कर कुणाला? आणि मग एवढे कागद कशासाठी?

मुलाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. वडील शिक्षकाच्या नोकरीतून निवृत्त झाले. निवृत्तीची रक्कम आणि गावची शेतजमीन विकून आलेले पैसे यांतून त्यांना दोन्ही मुलांना प्रत्येकी ३० लाख द्यायचे आहेत. मुलाच्या ३० लाखांपैकी १५ लाख त्याला फ्लॅटसाठी, त्यातले ४ लाख घरात साठवलेल्या रोकडीतून. १० लाखांची एफडी सुनेच्या नावे आणि ५ लाखांची सात वर्षांच्या नातीच्या नावे. मुलगी अमेरिकेत असते, तिला तिकडे ३० लाख पाठवायचे. मुलाचा पगार वर्षाला २८ लाख, वडिलांना पेन्शन आणि व्याज मिळून साधारण ८ लाख. कर किती लागेल, कुणाला लागेल, आणि ‘गिफ्ट टॅक्स’ नक्की किती टक्के?

शेवटचं आधी सांगतो. गिफ्ट टॅक्स नावाचा वेगळा कर आज भारतात नाही. १९५८ च्या कायद्याने तो होता आणि तो देणाऱ्याला भरावा लागे. १ ऑक्टोबर १९९८ नंतरच्या भेटींवर तो बंद झाला. पुढे सहा वर्षं भेटीवर कुणालाच कर नव्हता, आणि त्या काळात कागदोपत्री भेटींचा इतका सुळसुळाट झाला की सप्टेंबर २००४ पासून सरकारने उलट्या दिशेने दोरी आवळली. आता भेट हे घेणाऱ्याचं उत्पन्न मानलं जातं आणि ‘इतर स्रोतांपासूनचे उत्पन्न’ या सदरात ते आयकरात येतं. जुन्या कायद्यात हे कलम ५६(२)(एक्स). १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू झाल्याने कलमांचे आकडे बदलले आहेत, पण या विषयातले नियम तेच आहेत. खाली मी जुने आकडे वापरतो, कारण बहुतेकांच्या कानावर तेच आहेत.

नियम असा: वर्षभरात मिळालेल्या भेटीच्या पैशांची एकूण बेरीज ५०,००० च्या वर गेली की सगळीच रक्कम करपात्र. वरची नव्हे, सगळी. ५०,००० मिळाले तर शून्य, ५०,००१ मिळाले तर पूर्ण ५०,००१ वर कर. मात्र कायद्यात दिलेल्या ‘नातेवाइकां’कडून मिळालेली रक्कम या हिशेबातच येत नाही. आई-वडील त्या यादीत आहेत, आजी-आजोबा आहेत, सासू-सासरेही आहेत. रकमेला मर्यादा नाही. तेव्हा तुम्हाला १५ लाख, पत्नीला १० लाख, मुलीला ५ लाख आणि बहिणीला ३० लाख, यांपैकी कुठल्याही रकमेवर भारतात घेणाऱ्याला कर नाही. देणाऱ्या वडिलांनाही नाही. (मुलांना दिलेल्या पैशाची वडिलांना वजावट मिळते का, असंही विचारलं जातं. नाही मिळत.)

नातेवाइकांची ही यादी घेणाऱ्याच्या बाजूने वाचायची असते, आणि इथे भले भले चुकतात. मामा, काका, आत्या, मावशी यांनी भाच्याला किंवा पुतण्याला कितीही दिले तरी चालतं, कारण घेणाऱ्याच्या आई-वडिलांची भावंडं यादीत आहेत. पण त्याच भाच्याने उद्या मामाला ५ लाख दिले तर मामाला कर लागतो. मामाच्या बाजूने पाहिलं तर भावा-बहिणीची मुलं यादीत नाहीत. चुलत, मावस, आते-मामे भावंडंही नाहीत. तुमच्या प्रकरणात ही अडचण नाही.

मग नोटिसा येतात त्या कशामुळे? जवळपास नेहमी दोन कारणांमुळे: पैसा कुठून आला हे दाखवता येत नाही म्हणून, किंवा दिलेल्या पैशावर पुढे जे व्याज येतं ते चुकीच्या माणसाच्या रिटर्नमध्ये गेलं म्हणून.

पहिली गोष्ट खात्याची. ‘वडिलांनी दिले’ म्हणजे वडिलांच्या स्वतःच्या खात्यातून गेले पाहिजेत. व्यापारी घरांत हे हमखास घडतं: मुलाच्या फ्लॅटचा हप्ता द्यायचा असतो आणि चेक फाटतो तो भागीदारी फर्मच्या किंवा प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या खात्यावरून. फर्म किंवा कंपनी कुणाची नातेवाईक नसते. रक्कम करपात्र ठरते, आणि कंपनी असेल तर लाभांशाचा वेगळा प्रश्न उभा राहतो. हिंदू अविभक्त कुटुंबाच्या, म्हणजे एचयूएफच्या खात्यातून सदस्याला दिलेल्या भेटीबद्दल न्यायाधिकरणांचे निकाल दोन्ही बाजूंनी आहेत. ज्या वाटेवर वाद आहे तिथून जायचं कारण नाही. पैसे वडिलांच्या वैयक्तिक बचत खात्यात असू द्या आणि तिथूनच निघू द्या. वडिलांनी परस्पर बिल्डरला पैसे भरू नयेत. भरलेच तर ती रक्कम तुम्हाला भेट म्हणून तुमच्या वतीने दिली, असं त्याच वेळी लिहून ठेवा. शक्यतो पैसे आधी तुमच्या खात्यात यावेत आणि तुमच्या खात्यातून बिल्डरला जावेत.

आता रोकड. हे ४ लाख तुम्ही रोख घेऊ नका. एका व्यक्तीकडून एका दिवसात, किंवा एका व्यवहारात, किंवा एकाच प्रसंगाशी संबंधित व्यवहारांत मिळून २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला कलम २६९एसटी ने मनाई आहे. त्यात बाप-लेकाला सूट नाही. दंड रकमेइतकाच, आणि तो घेणाऱ्याला. म्हणजे वडिलांनी प्रेमाने दिलेल्या ४ लाखांपायी तुमच्यावर ४ लाखांचा दंड बसू शकतो. ‘आज १,९०,०००, परवा १,९०,०००’ ही युक्ती सगळ्यांना सुचते. ‘एकाच प्रसंगाशी संबंधित’ हे शब्द तिच्याचसाठी आहेत.

वडिलांनी ती रोकड आपल्या खात्यात भरावी आणि तिथून तुम्हाला द्यावी. भरताना प्रश्न त्यांना येईल, तुम्हाला नाही, आणि पेन्शन खात्यातून वेळोवेळी काढलेल्या रकमा पासबुकात दिसत असतील तर त्यांच्याकडे उत्तर आहे. एका आर्थिक वर्षात बचत खात्यांत १० लाख किंवा त्याहून जास्त रोख भरली गेली तर बँक ते आयकर खात्याला कळवते, ४ लाखांना ते लागू नाही. पण काढलेल्या रकमा एकूण १ लाख आणि भरायचे ४ लाख, असं असेल तर उरलेले ३ लाख कुठून आले हे भरण्याआधी स्वतःला विचारा. आयकर अधिकारी नंतर विचारणारच आहे. उत्तर समाधानकारक नसेल तर ती रक्कम ‘न उलगडलेली’ ठरते, आणि तिच्यावर नेहमीच्या स्लॅबऐवजी सरसकट चढा दर लागतो, वजावट काही मिळत नाही.

तुमच्या बाजूलाही हाच न्याय आहे. तुमच्या खात्यात १५ लाख आले, फ्लॅटची नोंदणी झाली, व्यवहार मोठा असल्याने निबंधकांकडून त्याची माहिती आयकर खात्याला गेली, आणि विचारणा झाली की पैसे कुठून आणले. ‘वडिलांनी दिले’ एवढं तोंडी सांगून भागत नाही. तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: देणारा कोण आहे, त्याची एवढी ऐपत होती का, आणि व्यवहार खरा आहे का. ओळख पॅनने सिद्ध होते. व्यवहार बँकेतून झाला की खरेपणाचं निम्मं काम झालं. अडतं ते ऐपतीवर. तुमच्या वडिलांच्या बाबतीत निवृत्तीच्या रकमेचे आदेश आणि जमिनीचं खरेदीखत, एवढं पुरेसं आहे. शहराच्या हद्दीपासून कायद्याने ठरवलेल्या अंतरापलीकडची ग्रामीण शेतजमीन असेल तर तिच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर नसतो, पण म्हणून खरेदीखत कपाटात हरवू देऊ नका. तो तुमच्या ६० लाखांचा आधार आहे. जमीन त्या हद्दीच्या आत येत असेल तर आधी वडिलांचा कर भरून होऊ द्या, वाटणी नंतर.

वडील शेतकरी आहेत आणि रिटर्न भरतच नाहीत अशीही घरं खूप. रिटर्न नसणं हा गुन्हा नाही, शेतीचं उत्पन्न करमुक्तच आहे. तिथे सातबारा, बाजार समितीतल्या विक्रीच्या पट्ट्या आणि कारखान्याकडून उसाचे पैसे जमा झाल्याच्या नोंदी कामाला येतात. माझा अनुभव असा की अधिकारी सहसा पट्ट्या मोजत बसत नाही. तो एवढंच पाहतो की भेट देण्याच्या आदल्या दिवशी खात्यात रोख भरली गेली आहे का. तशी भरलेली दिसली की मग मात्र तो सगळंच मोजतो.

कागद कोणता करायचा? पैशाच्या भेटीला नोंदणीकृत बक्षीसपत्र लागत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १२३ प्रमाणे जंगम वस्तूची भेट ताबा दिल्याने पूर्ण होते. घर किंवा जमीन द्यायची असेल तर मात्र नोंदणी हवीच. (महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन मुलाला, मुलीला किंवा नातवंडांना बक्षीस दिली तर मूळ मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे, स्थानिक अधिभार वेगळा. हे माहीत नसल्याने कित्येक जण खरेदीखत करून बसतात.) पैशासाठी दोघांच्या सहीचं साधं पत्र करा. त्यात दोघांची नावं, पॅन, नातं, रक्कम, तारीख, बँक व्यवहाराचा क्रमांक, पैशाचा मूळ स्रोत, आणि ही रक्कम प्रेमापोटी, परतफेडीच्या अटीशिवाय दिली व तुम्ही ती स्वीकारली, एवढं असावं. स्वीकार लिहायला विसरू नका, त्याशिवाय भेट पूर्ण होत नाही. पत्र त्याच आठवड्यात करा. तीन वर्षांनी नोटीस आल्यावर मागची तारीख घालून केलेलं पत्र ओळखू येतं. रिटर्नमध्ये करमुक्त उत्पन्नाच्या तक्त्यात ही रक्कम दाखवावी, असा मी आग्रह धरतो. पुढे प्रश्न आला तर ‘आम्ही तेव्हाच सांगितलं होतं’ म्हणता येतं.

आता सुनेच्या नावची एफडी. तुमच्या प्रश्नातला सगळ्यात रंजक भाग हा आहे, आणि इंटरनेटवर वाचून घाबरण्यासारखाही.

सासऱ्यांनी सुनेला दिलेली रक्कम सुनेला करमुक्त आहे. पण त्या रकमेवरचं व्याज कलम ६४(१)(सहा) प्रमाणे सासऱ्यांच्या उत्पन्नात मिळवलं जातं. यालाच क्लबिंग म्हणतात. १० लाखांवर ७ टक्के धरले तर वर्षाचे ७०,००० वडिलांच्या रिटर्नमध्ये दाखवायचे. क्लबिंगचं नाव ऐकलं की लोक ते टाळायच्या मागे लागतात, पण तुमच्या घरात ते टाळण्यासारखं आहे का हे आधी पाहा. वडिलांचं उत्पन्न ८ लाख, त्यात ७०,००० मिळवले तर ८,७०,०००. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर रिबेटमुळे त्यांचा कर शून्यच राहतो. याउलट तेच १० लाख वडिलांनी तुम्हाला दिले आणि तुम्ही पत्नीला दिले, तर क्लबिंग तुमच्याकडे होईल. तुम्ही ३० टक्क्यांच्या टप्प्यात असल्याने त्याच ७०,००० वर उपकरासह २१,८४० रुपये कर. पैसे तेच, एफडी तीच, फक्त एका हाताचा वळसा. तेव्हा पत्नीच्या नावे ठेवायचे असतील तर ते वडिलांच्या खात्यातून थेट तिच्या खात्यात जाऊ द्या.

दोन बारकावे आहेत. व्याजाचं व्याज क्लब होत नाही. पहिल्या वर्षीचे ७०,००० तिने वेगळी एफडी करून ठेवले आणि त्यावर पुढच्या वर्षी ४,९०० आले, तर ते तिचे. म्हणून मूळ एफडी आणि व्याजाची एफडी वेगवेगळ्या ठेवा, म्हणजे हिशेब मांडता येतो. दुसरं, व्याज वर्षाला ५०,००० च्या वर गेल्याने बँक पत्नीच्या पॅनवर टीडीएस (व्याज देतानाच कापला जाणारा कर) कापेल आणि आयकर खात्याच्या वार्षिक माहितीपत्रकात ते तिच्या नावावर दिसेल, उत्पन्न मात्र वडिलांचं. पत्नीने बँकेला तसं घोषणापत्र दिलं तर टीडीएसचं क्रेडिट वडिलांकडे वळवता येतं. बँकेच्या शाखेत हे पहिल्या फेरीत होईल अशी अपेक्षा ठेवू नका. कटकट नको असेल तर एफडी दोन बँकांत विभागून ५०,००० च्या आत व्याज ठेवणं सोपं.

गंमत म्हणजे कायद्याला सून आठवली, जावई आठवला नाही. सासऱ्यांनी जावयाला दिलेल्या पैशाचं उत्पन्न क्लब करण्याची तरतूद नाही. पण म्हणून ‘मी तुझ्या सुनेला देतो, तू माझ्या सुनेला दे’ अशा अदलाबदलीच्या वाटेला जाऊ नका. अशी उलटसुलट देवाणघेवाण सर्वोच्च न्यायालयाने १९६३ सालीच एकच व्यवहार मानली आहे.

नातीचे ५ लाख. आजोबांनी दिले तरी त्यावरचं व्याज आजोबांच्या उत्पन्नात जात नाही. अज्ञान मुलाचं उत्पन्न आई-बापांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त, त्याच्यात मिळवतात. म्हणजे तुमच्यात, ३० टक्क्यांवर. जुन्या प्रणालीत प्रत्येक मुलामागे १,५०० रुपयांची सूट मिळते, नव्या प्रणालीत तीही नाही. मुलीने स्वतःच्या कलेने किंवा कौशल्याने काही कमावलं तर ते क्लब होत नाही, एफडीचं व्याज मात्र होतंच. इथे व्याजाचं व्याजही सुटत नाही.

तेव्हा ५ लाखांची एफडी नातीच्या नावे करण्यात मला अर्थ दिसत नाही. ती सात वर्षांची आहे, म्हणजे सुकन्या समृद्धी खातं अजून उघडता येतं. दहा वर्षांची झाल्यावर येणार नाही. वर्षाला कमाल दीड लाख भरता येतात आणि व्याज करमुक्त असतं, त्यामुळे क्लबिंगचा प्रश्नच मिटतो. ५ लाख चार आर्थिक वर्षांत भरून होतील. तोवर उरलेली रक्कम वडिलांच्याच नावे राहू द्या, त्यांना त्यावर कर लागत नाही. नातीला अठरा पूर्ण झाल्यावर थेट तिला देता येईल, आणि मग व्याज तिचं स्वतःचं. हाच नियम सज्ञान मुलालाही लागू आहे. म्हणूनच तुमच्या १५ लाखांतले काही फ्लॅट मिळेपर्यंत एफडीत राहिले तर त्यावरचं व्याज तुमचं. पैसे लागतील तेव्हाच वडिलांकडून घेतलेत तर मधल्या काळाचा तुमचा कर वाचेल.

वडील हे पैसे शेअर किंवा फंड विकून उभे करणार असतील तर थांबा. विकल्यावर नफ्याचा कर त्यांना लागेलच. त्याऐवजी डीमॅट खात्यातले काही युनिट तुमच्या नावे भेट म्हणून वळवता येतात. भेट म्हणजे विक्री नव्हे, त्यामुळे त्या वेळी कर नाही. तुम्ही विकाल तेव्हा खरेदीची किंमत आणि तारीख वडिलांचीच धरली जाते. कर त्याने संपत नाही, पण इक्विटीच्या दीर्घकालीन नफ्यावरची वर्षाची १,२५,००० ची सूट दोघांना वेगवेगळी मिळते. १२.५ टक्क्यांनी पाहिलं तर १५,६२५ रुपये वाचतात, उपकर वेगळा. मोठी रक्कम नाही, पण एका अर्जाचं काम आहे.

बहिणीकडे येऊ. परदेशी पाठवण्याची मर्यादा प्रत्येक निवासी व्यक्तीला आर्थिक वर्षाला २,५०,००० डॉलर आहे, ३० लाख रुपये तिच्या खूप आत आहेत. अडचण टीसीएसची, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक आगाऊ घेते त्या कराची. भेटीसाठी वर्षाला १० लाखांच्या वर पाठवलं की वरच्या रकमेवर बँक २० टक्के कापते. ३० लाख एकदम पाठवले तर २० लाखांवर ४ लाख. हा जास्तीचा कर नव्हे, वडिलांच्या रिटर्नमध्ये परत मागता येतो, पण तोवर ४ लाख अडकतात. घाई नसेल तर १० लाख मार्चमध्ये, १० लाख एप्रिलमध्ये आणि उरलेले त्यापुढच्या एप्रिलमध्ये पाठवले तर टीसीएस लागतच नाही. आईच्या स्वतःच्या खात्यात पैसे असतील तर तिची १० लाखांची मर्यादा वेगळी आहे. बहिणीला हे पैसे भारतातच वापरायचे असतील तर रुपयांतच तिच्या एनआरओ खात्यात (अनिवासी भारतीयांचं इथलं रुपयांतलं खातं) भरता येतात.

अमेरिकेत भेट घेणाऱ्याला कर नाही. परदेशी व्यक्तींकडून वर्षभरात १,००,००० डॉलरच्या वर भेट मिळाली तर तिला तिथे फॉर्म ३५२० भरावा लागतो. ३० लाख रुपयांना तो लागू होत नाही, पण पुढे घराची वाटणी होऊन एकदम मोठी रक्कम गेली तर तिने हे लक्षात ठेवावं, न भरल्याचा दंड जबर आहे. एनआरओ खात्याचा मार्ग घेतला तर भारतातल्या तिच्या सगळ्या खात्यांत मिळून वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर शिल्लक गेल्यास तिकडे त्याची माहिती द्यावी लागते, आणि त्यावरचं व्याज तिच्या तिकडच्या रिटर्नमध्ये येतं.

वडिलांसाठी एक गोष्ट, प्रश्नात नसली तरी. पूर्ण झालेली भेट मनात आलं म्हणून परत घेता येत नाही. ‘मुलगा सांभाळेल’ या भरवशावर देत असतील तर तो भरवसा पत्रात अट म्हणून लिहावा. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ प्रमाणे, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता ती अट मोडल्यास रद्द करून मागता येते, पण अट होती हे दाखवावं लागतं. हे वाचून तुम्हाला वाईट वाटेल. मी ते प्रत्येक वडिलांना मुलासमोरच सांगतो. आणि ६० लाख वाटून झाल्यावर त्यांच्याकडे काय उरतं, हेही विचारतो.

उरला ‘होईल तसे परत कर’ या वाक्याचा प्रश्न. असं म्हणून दिलेले पैसे भेट नव्हे, कर्ज. कर्जावरही कर नाही, बिनव्याजी असलं तरी चालतं, फक्त २०,००० किंवा त्याहून जास्त रोखीने घेता किंवा फेडता येत नाही. पण दोन्ही एकदम असू शकत नाही. भेटीचं पत्र केलं, आणि दोन वर्षांनी तुम्ही दरमहा वडिलांना २५,००० पाठवू लागलात, तर हरकत काही नाही. मुलाने वडिलांना दिलेली रक्कमही नातेवाइकाची भेटच आहे आणि त्यांनाही ती करमुक्त आहे. फक्त पाठवताना मोबाइलवर शेऱ्याच्या जागी ‘लोन रीपेमेंट’ लिहू नका.